निरोपाचा हिशेब

उन्हाळ्याच्या अखेरीस वऱ्हाडातील आपले भाविक दोन गोष्टींची वाट पाहत असतात: मृगाच्या पावसाची आणि बिशपांच्या पत्राची. पहिलीवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते, दुसरीवर धर्मग्रामाचे. पत्र वेदीवरून वाचून दाखविले जाते, प्रमुख धर्मगुरूंची बदली झाल्याचे कळते आणि त्याच दिवशी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक समिती उभी राहते. तिचे काम ठरलेले असते. घरोघर वर्गणी फिरवायची, मंडप घालायचा, फलक रंगवून घ्यायचा, शाल, श्रीफळ, सन्मानपत्र आणि पाकीट यांची तजवीज करायची, शिवाय जेवण. अमुक फादरांच्या वेळी असे झाले होते, तेव्हा यंदा त्याहून उणे पडता कामा नये, हा या समितीचा एकमेव ठराव.

या प्रथेविरुद्ध मला लिहावयाचे आहे. दर्यापूर परिसरातील माझी सेवा आता संपत आली आहे आणि माझ्याही नावाने अशी समिती लवकरच बसेल. ज्याच्या गळ्यात हार पडावयाचा आहे त्याने हाराविरुद्ध बोलणे काहींना दांभिकपणाचे वाटेल. पण जो येणार आहे तो नवखा म्हणून बोलू शकत नाही, जे राहणार आहेत ते संकोचाने बोलत नाहीत. तेव्हा बोलण्याची जबाबदारी जाणाऱ्यावरच येते.

प्रथम काळाचा विचार करू. शाळांचे वर्ष संपते तेव्हा धर्मगुरूंच्या बदल्या होतात, म्हणजे साधारण मे आणि जून हे महिने. शहरातील नोकरदारांना त्यात काही अडचण नसेल. दर्यापूर तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. येथे भूगर्भातील पाणी खारे. विहीर खणली तरी तिच्या पाण्यावर पीक धरवत नाही, उलट काळी जमीन बिघडते. म्हणून कपाशी असो, तूर असो, मूग असो, सारी भिस्त आभाळावर. असा कोरडवाहू शेतकरी मे महिन्यात अगदी मोकळ्या हातांनी उभा असतो. मागील कापसाचा पैसा केव्हाच देण्याघेण्यात गेलेला असतो आणि पुढच्या पेरणीचे बियाणे व खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलायचे असते. मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्याच वेळी दारात येतो. नेमक्या या दिवसांत समितीचे चार सभ्य गृहस्थ वही घेऊन अंगणात येतात. वहीत वरच्या ओळीत कोणी पाचशे लिहिलेले असतात, कोणी हजार. ती वही हातात घेतल्यावर 'नाही' म्हणण्याची हिंमत किती जणांना होईल? देणारा हसतमुखाने देतो. पण ते पैसे बियाण्याच्या थैलीतून आलेले असतात, हे मला ठाऊक आहे आणि समितीलाही ठाऊक आहे. अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांची नावे गेल्या दोन-अडीच दशकांत कोणत्या दुःखाने देशभर पोहोचली, हे येथे सांगण्याची गरज नाही. अशा भूमीत धर्मगुरूला निरोप देण्यासाठी कोणी एक रुपयाही उसना घ्यावा, ही गोष्ट मला सहन होत नाही.

'पण फादर, ही लोकांची माया आहे,' असे उत्तर मिळते. मायेचा मी आदर करतो. मायेला वर्गणीची वही लागत नाही, एवढेच माझे म्हणणे.

पवित्र शास्त्रात निरोपाचे प्रसंग थोडे नाहीत आणि ते सारे एका विलक्षण गोष्टीत सारखे आहेत. वृद्ध शमुवेलाने इस्राएल लोकांपुढे केलेले निरोपाचे भाषण पहिल्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात आहे. आयुष्यभर ज्यांचे नेतृत्व केले त्या लोकांपुढे उभे राहून तो आपल्या कार्याचा गौरव मागत नाही. आपली झडती मागतो. आपण कोणाचा बैल घेतला काय, कोणाचे गाढव नेले काय, कोणाला नाडले काय, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळ्यांवर पडदा ओढला काय, असे तो भर सभेत विचारतो आणि तसे काही निघाल्यास परत करण्याची तयारी दाखवितो. बैलाचे मोल जाणणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. लोकांनी साक्ष दिली की, आमचे तू काहीही घेतलेले नाहीस. शमुवेलाला मिळालेले मानपत्र तेवढेच. त्यात एकही विशेषण नव्हते.

दुसरा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायातील. इफिसमध्ये तीन वर्षे राबल्यावर संत पौल यरुशलेमकडे निघतो आणि मिलेत बंदरात तेथील मंडळीच्या वडीलजनांना बोलावून घेतो. आपण तुमच्यात कसे वागलो हे तो त्यांना स्मरून पाहायला सांगतो. आपण कोणाच्या सोन्याची, रुप्याची वा वस्त्राची अपेक्षा धरली नाही आणि स्वतःच्या व सोबत्यांच्या गरजा आपल्याच हातांच्या कष्टाने भागविल्या, असा हिशेब तो देतो. वस्त्राचा उल्लेख वाचताना मला आपल्या शाली आठवतात. एकेका धर्मगुरूच्या कपाटात किती शाली साठतात आणि त्याच गावात कितीजण पौषातील थंडी गोणपाटावर काढतात! पौल नंतर पुढील धोके सांगतो, मंडळीला देवाच्या हाती सोपवितो आणि गुडघे टेकून सर्वांबरोबर प्रार्थना करतो. तेव्हा सर्वजण त्याच्या गळ्यात पडून रडले आणि त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला गेले. या निरोपात अश्रू आहेत, आलिंगन आहे, सोबत चालणे आहे. म्हणजे मायेला जे जे लागते ते सर्व आहे. खर्च मात्र कसलाच नाही.

इ. स. ३८१ मध्ये संत ग्रेगरी नाझियान्झस यांनी कॉन्स्टँटिनोपलचे धर्मासन सोडले, तेव्हा जमलेल्या धर्माध्यक्षांपुढे त्यांनी जे प्रवचन केले म्हणून ख्रिस्तसभेच्या परंपरेत सांगितले जाते, तेही मूलतः आपल्या कारभाराचा जाब देण्यासाठी होते. परंपरा अशी आहे. जाणाऱ्याने हिशेब द्यावा आणि राहणाऱ्यांनी साक्ष द्यावी. आपण ती उलटी केली आहे. आज राहणारे देतात आणि जाणारा घेतो.

धर्मसभेचा कायदा या बाबतीत मुका नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम १२६७ सांगते की, एखाद्या धर्मसंस्थेच्या प्रमुखाच्या वा कारभाऱ्याच्या हाती दिलेले दान, उलट काही सिद्ध न झाल्यास, त्या संस्थेलाच दिले आहे असे समजावे. निरोपाच्या पाकिटावर धर्मगुरूचे नाव घातलेले असते, म्हणून अक्षराने ते या कलमातून निसटते. पण कलमाचा आत्मा कोणत्या बाजूला आहे हे ओळखायला कायदेपंडित असण्याची गरज नाही. कलम २८२ तर थेट धर्मगुरूंच्या जीवनाविषयी आहे: त्यांनी साधेपणा जोपासावा आणि धर्मसेवेच्या पदामुळे जे मिळते त्यातून आपल्या गरजा भागल्यावर जे उरते ते ख्रिस्तसभेच्या हितासाठी व दानधर्मासाठी खर्चावे. कलम १२८७ म्हणते की, भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब स्थानिक नियमांनुसार भाविकांना द्यावा. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे. आता वाचकांनीच सांगावे, निरोप समारंभाची समिती किती दिवसांत उभी राहते आणि आर्थिक समिती किती वर्षांनी बसते?

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. धर्माध्यक्षांच्या उपासनाविधींचा जो ग्रंथ १९८४ साली रोमहून प्रसिद्ध झाला, त्यात नव्या प्रमुख धर्मगुरूच्या आगमनाचा विधी दिलेला आहे. त्याला स्नानसंस्काराच्या कुंडाकडे, पापनिवेदनाच्या स्थानाकडे, पवित्र ख्रिस्तशरीराच्या पेटीकडे नेण्यात येते, म्हणजे त्याची सेवा कोठे कोठे आहे हे लोकांसमक्ष त्याला दाखविले जाते. जाणाऱ्यासाठी त्या ग्रंथात असा विधी नाही. मला त्यात अर्थ दिसतो. येणाऱ्यावर भार चढविला जातो, म्हणून विधी. ज्याच्या खांद्यावरून भार उतरला त्याने बाजूला सरावे, एवढेच. योर्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणारा योहान हेच म्हणाला होता: येणाऱ्याची वृद्धी व्हावी आणि आपला ऱ्हास व्हावा.

आता दुसऱ्या दुखण्याकडे वळू. समारंभाची समिती बसते तशीच काही ठिकाणी सह्यांची मोहीमही निघते. आमचे फादर हलवू नका, असा अर्ज तयार होतो. त्याला उत्तर म्हणून दुसरा गट, यांना लवकर हलवा, असा अर्ज लिहितो. आठ दिवसांत धर्मग्रामाचे दोन तुकडे पडतात आणि नवा धर्मगुरू येतो तो या भांडणाच्या मधोमध. आता तर मोबाईलच्या संदेशांमुळे आठ दिवसही लागत नाहीत. करिंथ येथील मंडळीत हेच झाले होते. पौल दीड वर्ष तेथे राहून गेला, मागाहून अपुल्लोस आला, आणि कोणी पौलाचे झाले, कोणी अपुल्लोसाचे. पौलाने त्यांना खडसावले. त्याने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, हे त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या भाषेतले आहे. ज्याने पेरले त्यानेच कापणीपर्यंत धुऱ्यावर बसून राहावे असा आग्रह धरणारा मनुष्य पिकावर प्रेम करीत नाही, पेरणाऱ्यावर करतो.

भाविकांनी धर्मगुरूंच्या बदलीविषयी काही बोलूच नये, असे मी म्हणत नाही. कलम २१२ भाविकांना आपल्या गरजा व इच्छा आपल्या धर्मपालांना कळविण्याचे स्वातंत्र्य देते, आणि ते स्वातंत्र्य मोलाचे आहे. कलम ५२२ तर म्हणते की, प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावे, म्हणून त्याची नेमणूक अनिश्चित काळासाठी व्हावी. ठराविक मुदतीची नेमणूक देशाच्या धर्माध्यक्ष परिषदेने तशी परवानगी दिली असेल तरच करता येते. एवढेच काय, चांगले काम करीत असलेल्या धर्मगुरूला दुसरीकडे न्यायचे असेल तर धर्माध्यक्षांनी त्याला तसे लेखी सुचवावे आणि देवाच्या व आत्म्यांच्या प्रेमाखातर त्याने ते मान्य करावे म्हणून त्याचे मन वळवावे, असे कलम १७४८ सांगते. बदली ही सरकारी खात्यातील हुकूमबाजी होऊ नये अशी कायद्याची इच्छा आहे. म्हणून बिशप हाउसेसना माझी नम्र पण स्पष्ट विनंती आहे: पत्र आणि प्रस्थान यांमध्ये पुरेसा अवधी द्यावा आणि बदलीचे प्रयोजन लोकांना सांगावे. जेथे काहीच सांगितले जात नाही तेथे तर्कवितर्क जन्मतात आणि त्या तर्कवितर्कांत एखाद्या निरपराध धर्मगुरूची अब्रू जाते.

येथे कोणी आर्स गावच्या संत जॉन व्हियानी यांचे उदाहरण देईल. १८१८ मध्ये ते त्या लहानशा फ्रेंच खेड्यात गेले आणि १८५९ मध्ये मृत्यू येईतो तेथेच राहिले. एकेचाळीस वर्षे! आमचे फादर तसे का राहू नयेत? उदाहरण खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. व्हियानी यांना आपण या सेवेला अयोग्य आहोत असे वाटे आणि एकांतवासासाठी त्यांनी एकाहून अधिक वेळा गाव सोडण्याचा प्रयत्न केला. ते राहिले ते आज्ञा म्हणून. पदाला चिकटून नव्हे. राहण्याची आज्ञा आणि जाण्याची आज्ञा यांत पुण्याचा फरक नाही.

आपल्याच अमरावती धर्मप्रांताचा इतिहास पाहावा. १९५५ साली हा धर्मप्रांत स्थापन झाला आणि पहिले बिशप जोसेफ अल्बर्ट रोझारिओ यांनी १९९५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्याची धुरा वाहिली. त्यांच्यानंतर आलेले बिशप एडविन कोलासो २००६ मध्ये औरंगाबादला गेले, बिशप लूर्डस डॅनियल २०१० मध्ये नाशिकला गेले आणि बिशप एलायस गोन्साल्विस २०१८ मध्ये नागपूरचे महाधर्माध्यक्ष झाले. एकाने चाळीस वर्षे राहून सेवा केली, इतरांनी बोलावणे येताच उठून जाऊन केली. धर्मप्रांत दोन्ही रीतींनी उभा राहिला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ मध्ये साऱ्या ख्रिस्तसभेचे सर्वोच्च पद स्वतः होऊन सोडले, तेव्हाही पेत्राची नौका बुडाली नाही. मग एका धर्मग्रामाचा धर्मगुरू बदलल्याने आपले आभाळ का कोसळावे?

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर ते फार दूर नाही. दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे गाडगे बाबांचे जन्मस्थान. १८७६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने पूर्णेकाठच्या ऋणमोचनपासून पंढरपूर, नाशिक, आळंदीपर्यंत घाट बांधले, धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांचा कारभार विश्वस्तांच्या हाती देऊन तो खराटा घेऊन पुढच्या गावी चालू लागला. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ त्याला मरण आले तेही प्रवासात. तो ख्रिस्ती नव्हता. पण पायांची धूळ झटकून पुढल्या गावी जाणे म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा नाही. आणि ज्या तीर्थावर त्याने आपले काम आरंभिले त्याचे नावच ऋणमोचन. निरोपाला याहून योग्य शब्द मला सुचत नाही. धर्मगुरू गावात येतो तेव्हा ऋणी नसतो, जाताना असतो. आणि ते ऋण सन्मानपत्र स्वीकारून फिटत नाही, वाढते.

मग ते फिटते कसे? माझ्या गुरुबंधूंना मी येथे काही सांगू इच्छितो. धर्मगुरूपाशी धर्मग्रामाची जी खरी ठेव असते ती बहुधा कागदावर नसते. कोणत्या गावात कोणती म्हातारी अंथरुणाला खिळून आहे आणि दर महिन्याला ख्रिस्तप्रसादाची वाट पाहते. कोणत्या घरी दोन भाऊ जमिनीच्या वाटणीवरून बोलेनासे झाले आहेत. कोणता तरुण पुण्याला कामाला गेला आणि त्याच्या लग्नाचे कागद अडले आहेत. कोणत्या कुटुंबाने आजारपणासाठी कर्ज काढले आहे. पापनिवेदनात ऐकलेले कबरीपर्यंत जावे, त्याविषयी बोलणेच नको, आणि विश्वासाने सांगितलेले गुपितही ज्याचे त्याच्या परवानगीवाचून पुढे जाऊ नये. पण जे सर्व गावाला ठाऊक असते ते नव्या धर्मगुरूला ठाऊक नसते, आणि त्याला ते कळेपर्यंत वर्ष जाते. त्या वर्षात ती म्हातारी ख्रिस्तप्रसादावाचून मरते. आपल्याकडील कॅथलिक घरे थोडी आणि मैलोगणती विखुरलेली. शहरातील मोठ्या धर्मग्रामात एक घर सुटले तर शेजारी सांगतो. येथे सुटले ते सुटलेच.

स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या नीट ठेवण्याचे कर्तव्य कलम ५३५ ने धर्मगुरूवर घातले आहे. एखादी नोंद राहून गेली तर वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी एखादी मुलगी दाखल्यासाठी तीन जिल्हे पायपीट करते. मंडपाला किती पताका होत्या हे तेव्हा कोणाच्या लक्षात नसते.

म्हणून निरोपाच्या रविवारी काय व्हावे याची माझी मागणी साधी आहे. वर्गणी काढू नये, पाकीट देऊ नये, घेऊ नये. मिस्सा संपल्यावर नोंदवह्या, किल्ल्या आणि हिशेबाची वही धर्मग्राम परिषदेच्या व आर्थिक समितीच्या समक्ष ताब्यात द्यावी. जमा, खर्च आणि देणी लोकांना वाचून दाखवावीत. आजारी व एकाकी माणसांची यादी नव्या धर्मगुरूच्या हाती ठेवावी आणि शक्य असल्यास त्याला घेऊन दोघांनी ती घरे पालथी घालावीत. ज्याची त्याची क्षमा मागावी, द्यावी. मग सर्वांनी आपापल्या घरून आणलेली भाकरी एकत्र बसून खावी. रडू आले तर रडावे. पौलासाठीही लोक रडले होते. आणि एकदा गेल्यावर जुन्या धर्मगुरूने जुन्या घरांतील लग्ने, बारशी आणि भांडणे यांत पुन्हा पाय घालू नये. दूरध्वनीवरून मागच्या धर्मग्रामाचा कारभार चालविणारा मनुष्य नव्या धर्मग्रामाचाही होत नाही.

'इतके कोरडे कसे व्हावे, फादर? चांगल्या माणसाला हाराने निरोप देण्यात पाप आहे काय?' हा प्रश्न मी अनेकांच्या डोळ्यांत वाचतो आहे. अंगणातल्या फुलांचा हार एखाद्या मुलाने घातला तर मी मान वाकवीन. पाप हारात नाही. हार पडत असताना हिशेब विचारायचा राहून जातो, त्यात आहे. जेथे टाळ्यांचा आवाज मोठा असतो तेथे, त्या पैशांचे काय झाले, असे विचारणारा माणूस कृतघ्न ठरतो. आणि वाईट धर्मगुरूलाही चांगल्याइतकीच मोठी शाल मिळते. शाल सर्वांना सारखीच मिळू लागली की तिचा सन्मान उरत नाही. चांगल्या धर्मगुरूवरच हा मोठा अन्याय आहे.

दर्यापूर परिसरातील माझ्या बंधुभगिनींनो, माझ्या नावाची वही तुमच्या दारी आली तर ती कोरी परत पाठवा. त्या पैशांचे बियाणे घ्या. माझ्या शेवटच्या रविवारी लवकर या, हिशेब ऐका, काही खटकले तर सर्वांदेखत विचारा. आणि नव्या धर्मगुरूला पहिल्याच आठवड्यात आपल्या घरी न्या, माझ्याशी त्याची तुलना न करता.